ड्रमर गेल्यावर नेमकं काय गेलं? एका प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पाच जणांचा प्रोग्रेसिव्ह मेटल बँड, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या तालांचं हेवी मेटल. दोन गिटारिस्ट, बेसिस्ट, गायिका आणि ड्रमर. सात वर्षांत दोन अल्बम झालेले, त्यातला दुसरा ६८ मिनिटांचा. दोन्हींचं मिक्सिंग मी केलं आणि तिसऱ्याच्या वेळी तर महिनोन्महिने त्यांच्यातच बसून होतो. त्यामुळे हे लांबून केलेलं निरीक्षण नाही, हे आधीच सांगून टाकतो. लिहायला बँडची हरकत नाही. ओळख पटेल असे तपशील मी गाळलेत किंवा बदललेत.

त्यांची काम करायची पद्धत अशी. रिफ (गिटारवरची छोटी, ठळक धून) दोघं गिटारिस्ट आणायचे. घरी रेकॉर्ड केलेली गिटार, खाली प्रोग्रॅम केलेले (संगणकावर बनवलेले) कामचलाऊ ड्रम्स, की फाईल ग्रुपवर. ड्रमर त्या सगळ्या फाईली आपल्या लॅपटॉपवर ओढून घ्यायचा आणि आठ-दहा दिवसांनी एकच फाईल परत पाठवायचा. नाव कायम तेच, 'आवृत्ती २'. त्यात टेम्पो मॅप (गाण्याचा वेग कुठे किती याची नोंद) असायचा, भाग क्रमानं लावलेले असायचे, खरे ड्रम्स असायचे. बँडमध्ये या प्रकाराला 'फाईल लावणं' म्हणत. केबल गुंडाळून ठेवण्यासारखं काम, कुणीतरी करायचंच. अल्बमवर 'संगीत: संपूर्ण बँड' असं छापलं जायचं, त्यामुळे कुणी काय केलं याची चर्चा करायची वेळच आली नव्हती.

अडचण

तिसऱ्या अल्बमच्या चार गाण्यांचे डेमो तयार असताना ड्रमरच्या डाव्या कानात शिटी सुरू झाली, आणि ती थांबेचना. तपासणीत ४,००० हर्ट्झच्या आसपास ऐकण्याचा आलेख खाली गेलेला दिसला. मोठ्या आवाजानं बिघडलेल्या कानाची ही ठरलेली खूण. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, आणि पुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत मेटल ड्रम्स आणि दोन ॲम्प लावून तीन-तीन तास, आठवड्यातून चारदा, तेही बरीच वर्षं कानात काहीच न घालता. हिशेब कुणीही करावा.

त्यानं प्रॅक्टिसला येऊन दोन वाक्यांत सांगितलं, "मला थांबायला लागेल. तुम्ही दुसरा बघा." बाकीच्यांनी मिठी मारली, रडले, आणि दुसरा बघायला लागले.

इथेच पहिला निर्णय झाला आणि तो निर्णय आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. 'थांबायला लागेल' याचा अर्थ सगळ्यांनी 'बँड सोडतो' असा घेतला. ड्रम्स वाजवणं थांबवायचंय की सगळंच, हे त्याला विचारलं गेलं नाही. मीही त्या खोलीत होतो. मीही विचारलं नाही.

समोर असलेले पर्याय

पुढच्या दोन आठवड्यांत चार गोष्टींवर बोलणं झालं.

बँड बंद करणं हा विषय दहा मिनिटांत संपला.

दुसरा पर्याय, त्याच ताकदीचा किंवा त्याहून भारी ड्रमर शोधायचा आणि आहे तसं पुढे जायचं. ड्रीम थिएटर या बँडचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी होतं. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांचा ड्रमर माईक पोर्टनॉय बाहेर पडला, सात ड्रमर्सची ऑडिशन झाली, माईक मँजिनी निवडला गेला आणि २०११ मध्ये नवा अल्बम बाजारात. मोठा गिटारिस्ट (वयानं मोठा, म्हणून सोयीसाठी हे नाव) म्हणाला, "एका वर्षात त्यांची गाडी रुळावर. आपली का नाही येणार?"

तिसरा, ड्रमर घ्यायचाच नाही, सगळं प्रोग्रॅम करायचं. इथे धाकट्या गिटारिस्टनं मेशुग्गा या मेटल बँडचा दाखला दिला. २००५ चा त्यांचा एक अख्खा अल्बम प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्सवर आहे. बेसिस्ट तसा फारसा बोलत नाही, पण तेव्हा बोलला, "तिथे प्रोग्रॅम करायला त्यांचा स्वतःचा ड्रमर होता की." विषय तिथेच मिटला. त्या वाक्यात केवढा इशारा होता ते आम्हाला पुढे वर्षभरानं कळलं.

चौथा पर्याय गायिकेचा. गेलेल्याची जागा भरायचीच नाही, त्या रिकाम्या जागेवरून नवी दिशा ठरू द्यायची. तिच्या मनात सिनिक हा बँड होता. २०२० या एकाच वर्षात त्या बँडशी जोडलेले दोन शॉन गेले, ड्रमर रायनर्ट आणि बेसिस्ट मॅलोन. २०२१ च्या अल्बममध्ये त्यांचा गायक-गिटारिस्ट पॉल मॅसव्हिडालनं नवा बेसिस्ट बसवला नाही. बेसचं काम सिंथवर (सिंथेसायझरवर) झालं. टेसेरॅक्ट या बँडचाही विषय निघाला. गायक बदलला तेव्हा २०१३ चा अल्बम त्यांनी पूर्ण क्लीन आवाजात काढला, ग्राउल (घशातून गुरगुरत गाणं) एकही नाही. म्हणजे नव्या माणसाकडून जुन्याची नक्कल करून घेतली नाही. मला हा पर्याय सगळ्यांत धाडसी वाटला होता. पण गायिका एकटी पडली. चार डेमो तयार असताना कोरी पाटी कुणाला हवी असते?

निवडला गेला तो दुसरा पर्याय.

काय केलं: पहिला टप्पा

व्हिडिओवर सहा ड्रमर पाहिले, त्यातले तीन खोलीत बोलावले. प्रत्येकाला जुनी तीन गाणी दिली होती. निवडलेला मुलगा खरोखर अफाट होता. २२० च्या टेम्पोला (मिनिटाला २२० ठोके) डबल बेसवर (दोन्ही पायांनी वाजवायचा बेस ड्रम) सोळावे भाग (एका ठोक्यात चार) सलग, तेही चेहऱ्यावर घाम नसताना. नोटेशन वाचायचा. दुसऱ्या दिवशी तीनही गाणी बिनचूक. तपासले ते हात, आणि हात उत्तम निघाले.

यानंतर चार महिने एका गाण्यावर काम चाललं आणि मग मला रफ मिक्ससाठी फाईल आली. लांबी १३ मिनिटं ४० सेकंद. मी रिफ मोजले, वेगवेगळे अकरा भरले, आणि एकही परत येत नव्हता. प्रत्येक सुटा ऐकला की अंगावर काटा. सलग ऐकताना मात्र चौथ्या मिनिटाला माझं लक्ष मेल तपासण्याकडे गेलं होतं. गायिकेला आत शिरायला पूर्ण गाण्यात दोन जागा, पहिली साडेपाच मिनिटांनी.

मी हे सांगितलं तेव्हा उत्तर आलं की नवा ड्रमर अजून मुरायचाय, म्हणून गाणं बांधलं जात नाही. त्या मुलावर हा शुद्ध अन्याय होता. त्याला प्रोग्रॅम केलेले ड्रम्स हातात देऊन "हे वाजव" एवढंच सांगितलं होतं. (ड्रीम थिएटरच्या २०११ च्या अल्बमलाही असंच झालं होतं. ड्रम्सचे पार्ट आधी जॉन पेट्रुचीनं प्रोग्रॅम केलेले, लेखनात मँजिनी नव्हताच. आमच्या मंडळींनी त्या उदाहरणातला नेमका हा भाग वाचला नव्हता.) त्यानं एकदा घाबरत विचारलं होतं, "इथे अर्धा बार (तालाचं आवर्तन) कमी केला तर?" धाकटा गिटारिस्ट म्हणाला होता, "बघू नंतर."

दुसरं गाणं बारा मिनिटांचं झालं, तिसरं मध्येच अडकलं. दोघा गिटारिस्टमध्ये एका ब्रेकडाउनवरून (गाण्यातला संथ, जड भाग) जुंपली. तो मोठ्याचा होता आणि धाकट्याच्या रिफच्या बरोबर मध्ये येत होता. मग दोन्ही ठेवले. पुढे हीच पद्धत पडली. भांडण झालं की दोन्ही ठेवायचं. रिफ आणणारा समोर बसलेला असताना त्याचा रिफ कापणार कोण? आणि दोष मात्र नव्या ड्रमरला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

राखाडी ट्रॅक

कोंडी फुटली ती योगायोगानं. लाइव्हसाठी जुन्या एका गाण्याचे बॅकिंग ट्रॅक (स्टेजवर मागे लावायचं रेकॉर्डिंग) हवे होते. मिक्सिंगसाठी माझ्याकडे नेहमी फक्त हवे तेवढे ट्रॅक निवडून यायचे. यावेळी घाईत ड्रमरची मूळ सेशन फाईलच मिळाली, म्हणून मी तीच उघडली.

८६ ट्रॅक. त्यातले ३१ म्यूट करून राखाडी केलेले, आणि प्रत्येकाला त्यानं नाव दिलेलं. 'छान आहे पण नको'. 'पुढच्या गाण्याला'. 'सोलो, दुसरा अर्धा पुरे'. एकाचं नाव नुसतं 'दोनदा सांगितलं'.

वर टेम्पो मॅप. मी या गाण्याचा टेम्पो १३२ धरून चाललो होतो. प्रत्यक्षात कडव्याला १३२, कोरसला १२९, शेवटच्या कोरसच्या आधीच्या एका बारमध्ये १२६ आणि मग पुन्हा वर. ते गाणं स्टेजवर श्वास घेतं असं लोक म्हणायचे. तो श्वास असा आकड्यांत लिहून ठेवलेला होता.

आणि एक रिफ. त्या बँडचा सगळ्यांत ओळखीचा, ११ सोळाव्या भागांचा. चार-चारच्या तालावर (एका बारमध्ये असे सोळा भाग) असा रिफ सोडून दिला की तो दरवेळी वेगळ्या ठिकाणी सुरू होतो आणि सम पुन्हा जुळायला ११ बार जातात. मोठ्या गिटारिस्टच्या मूळ डेमोत तो पूर्ण ११ बार फिरत होता. ड्रमरनं तो चार बारवर तोडला. चार बारमध्ये ६४ सोळावे भाग. ११ चा रिफ पाच वेळा बसला की ५५ होतात, उरतात ९. सहावी फेरी नवव्या भागावर कापायची आणि समेवर यायचं. गर्दी जिथे एकदम मान झटकते, ती जागा म्हणजे ही कापलेली सहावी फेरी. रिफ गिटारिस्टचा, झटका ड्रमरच्या कात्रीचा.

मी सगळ्यांना बोलावलं. आधी नेहमीचं गाणं लावलं. मग ३१ राखाडी ट्रॅक चालू करून, मूळ डेमोच्या क्रमानं लावून पुन्हा लावलं. सात मिनिटांचं गाणं अकरा मिनिटांवर गेलं. अर्ध्यावर मोठा गिटारिस्ट म्हणाला, "हा माझा रिफ आहे? मला आठवतही नाही." नवा ड्रमर गाणं संपेपर्यंत स्क्रीनवरच्या नावांकडे बघत होता. मग म्हणाला, "हे काम माझं आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं." कुणीच त्याला उत्तर दिलं नाही.

काय केलं: दुसरा टप्पा

प्रश्न आता निराळा झाला होता. कापायचं कुणी?

आधी मतदान करून पाहिलं. प्रत्येक भागाला पाच जणांची मतं, तीन पडली की राहिला. तीन मतं जवळजवळ प्रत्येक भागाला पडली. पडली नाहीत ती फक्त विचित्र, खडबडीत भागांना, म्हणजे गाण्याला चेहरा देणाऱ्या भागांना. गाणं मिनिटभरानं कमी झालं आणि निम्म्यानं फिकं. बाहेरचा प्रोड्यूसर आणायचाही विचार झाला. मला स्वतःला तो पसंत होता, पण बँडला परक्याच्या हातात कात्री नको होती.

शेवटी बेसिस्टनं सुचवलं ते टिकलं. ज्या गाण्यात ज्याचा एकही रिफ नाही, त्यानं ते कापायचं. मुदत दोन आठवडे, शब्द शेवटचा, आणि काहीही डिलीट करायचं नाही, फक्त म्यूट. या शेवटच्या अटीनं निम्मी भांडणं टळली असं माझं मत आहे. काढलेला रिफ फाईलमध्ये दिसत राहिला की माणूस शांत राहतो.

पहिलं गाणं बेसिस्टनं घेतलं. १३:४० चं ८:१० झालं. अकरातले सहा रिफ राहिले आणि त्यातले दोन शेवटी परत आले, बस. परत येणं ही केवढी गोष्ट असते ते मला त्या दिवशी नव्यानं कळलं. पहिल्यांदा ऐकताना गुंतागुंतीचा वाटलेला रिफ आठव्या मिनिटाला ओळखीचा होऊन येतो, तेव्हा श्रोत्याला आपणच हुशार झाल्यासारखं वाटतं.

दुसरं गायिकेकडे गेलं. तिनं बारा मिनिटांचं पाच केलं, आवाज पहिल्या मिनिटात आणला आणि धाकट्याचा दीड मिनिटाचा सोलो पूर्ण म्यूट केला. तो तीन आठवडे प्रॅक्टिसला आला नाही. त्याला समजवायला मोठा गेला, मी फोन केला, बेसिस्टनं काहीच केलं नाही. चौथ्या आठवड्यात तो आपला आपण आला आणि त्यानं सोलोऐवजी आठ सेकंदांचा एक सूर वाजवला. तो राहिला.

तिसऱ्या गाण्यात नव्या ड्रमरचा स्वतःचा एक ग्रूव्ह (ड्रम्सचा ठेका) होता, म्हणून नियमानं त्याला ते कापता येईना. आणि तोवर तो जायच्या बेतात होता. दुसरीकडून त्याला विचारणाही झाली होती. इथे मोठ्या गिटारिस्टनं नियम मोडला आणि तेच बरोबर होतं. फाईल त्याच्या हातात देऊन तो म्हणाला, "तू लाव. तुझा ग्रूव्ह तुलाच कापता येतो का ते बघू." त्यानं पहिला आपलाच ग्रूव्ह अर्धा केला.

निष्पत्ती

अल्बम सात गाण्यांचा, ४४ मिनिटांचा झाला. सोलो कमी, गाणं जास्त, आणि दोन ठिकाणी निव्वळ शांतता. आधीच्या अल्बममध्ये अशी शांतता शोधून सापडणार नाही. गायिकेनं सुरुवातीला मागितलेल्या नव्या दिशेच्या जवळपास बँड पोचला, पण तो रस्ता कुणी ठरवून निवडला नव्हता. कात्री ज्याच्या हातात गेली त्याच्या कानाप्रमाणे तो वळत गेला.

जुन्या श्रोत्यांपैकी काहींना हे रुचलेलं नाही. कार्यक्रमात पुढच्या रांगेतून लांबलचक जुन्या गाण्याची फर्माईश येते आणि बँड ते वाजवतोही. धाकट्यानं म्यूट झालेले रिफ गोळा करून स्वतःचा एक वेगळा उद्योग सुरू केलाय. त्यातलं एक गाणं चौदा मिनिटांचं आहे आणि तो ते कुणालाही कापू देणार नाही म्हणतो. माझ्या मते हे सगळ्यांच्याच तब्येतीला चांगलं झालं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारायला हवा होता, "नेमकं काय थांबवायचंय?" रचनेचं काम मंद आवाजात, छोट्या स्पीकरवर होतं. कान सांभाळून ते करता आलं असतं, निदान त्यातल्या काही भागाला तो हो म्हणाला असता. बँड सोडला तरी त्याच्या संगीतात राहता येतं याची उदाहरणं होतीच. पेरिफेरीचा बेसिस्ट ॲडम गेटगुड २०१७ मध्ये बँडमधून बाहेर पडला, तरी त्यांच्या २०१९ च्या अल्बमवर काम त्याचं आहेच. पुढे मी आमच्या ड्रमरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही इतक्या पटकन हो म्हणालात, मला वाटलं गरज नसेल."

ऑडिशनमध्ये जुनी गाणी देणं ही दुसरी चूक. जुनी गाणी कापून, घडवून झालेली होती. त्यांच्यावर फक्त हात दिसतात. एखादा अर्धवट, पसरट डेमो देऊन "याचं काय करशील?" असं विचारलं असतं तर याच मुलानं पहिल्याच दिवशी अर्धा बार कमी करून दाखवला असता. निवड बदलली नसती कदाचित, पण त्याचं वर्ष वाया गेलं नसतं.

श्रेयाचं बोलणंही उशिरा झालं. तयार चार डेमोंपैकी दोन नव्या अल्बममध्ये आले आणि त्यांवर जुन्या ड्रमरची 'आवृत्ती २' झालेली होती. छपाईला जायच्या आठवडाभर आधी हे गायिकेच्या लक्षात आलं आणि त्या दोन गाण्यांपुढे 'रचना' म्हणून त्याचं नाव गेलं. तो भला माणूस आहे म्हणून निभावलं. क्वीन्सराइकमध्ये २०१२ ला फूट पडल्यावर नाव कुणाचं यावरून कज्जा झाला आणि २०१४ ला तडजोड होईपर्यंत एकाच नावाचे दोन बँड फिरत होते. माणूस जाताना कागदावर चार ओळी लिहून घेणं कुणालाच आवडत नाही, पण त्या घ्याव्यात.

आणि इअरप्लग. आता पाचही जण घालतात. पहिल्या अल्बमपासून घालायला हवे होते.

मास्टरिंगच्या आधी मोठ्या गिटारिस्टनं पहिलं गाणं जुन्या ड्रमरला पाठवलं, मुद्दाम पूर्ण सेशन फाईल. तीन दिवसांनी उत्तर आलं. काहीही म्यूट केलेलं नव्हतं. फक्त मधल्या शांततेवर एक खूण होती आणि तिचं नाव होतं, 'चार बार जास्त होतात, तीन करा'.

सगळे बसले. तीन बार करून ऐकलं, चार करून ऐकलं, पुन्हा तीन. मोठ्याला आणि मला तीन पटले. फाईल बेसिस्टकडे होती. त्यानं चार ठेवले.